वाचकांचे प्रश्न : मतदारसंघाची रेघ कुणी आखायची?

संघराज्यांची कायदेमंडळे कशी बनतात आणि त्यांचे मतदारसंघ कसे ठरतात, याविषयी आलेल्या पत्रांतील सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. सहाही प्रश्नांच्या मुळाशी माणसांची मोजणी आहे. ही मोजणी कोण करतो आणि तिच्या आधारे नकाशावर रेघ कोण ओढतो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. म्हणून चौथ्या प्रश्नाला जाणीवपूर्वक जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : संघराज्यात बहुधा दोन सभागृहे का असतात? लोकांनी निवडलेले एक सभागृह पुरेसे का मानले जात नाही?

उत्तर : कारण संघराज्यात एकाच वेळी दोन गोष्टी मोजाव्या लागतात, एक माणसे आणि दुसरी घटकराज्ये. या दोन मोजण्या एकमेकींशी जुळत नाहीत, ही अडचण १७८७ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या घटनापरिषदेत अगदी उघडपणे पुढे आली. मोठ्या राज्यांचे म्हणणे असे की, प्रतिनिधित्व लोकसंख्येच्या प्रमाणात असावे. लहान राज्यांचे म्हणणे असे की, आपण या संघात बरोबरीच्या नात्याने येत आहोत, तेव्हा प्रत्येक राज्याचे वजन सारखेच असले पाहिजे. परिषद मोडते की काय अशी वेळ आली आणि १६ जुलै १७८७ रोजी तडजोड मान्य झाली. प्रतिनिधिगृहातील, म्हणजे कनिष्ठ सभागृहातील, जागा लोकसंख्येप्रमाणे आणि सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, प्रत्येक राज्याला दोन, अशी ती तडजोड होती. पुढे घटनादुरुस्तीच्या कलमातच असे लिहून ठेवले गेले की, एखाद्या राज्याचा सिनेटमधील समान वाटा त्या राज्याच्या संमतीवाचून काढून घेता येणार नाही.

याचा परिणाम आकड्यांत मोठा दिसतो. २०२० च्या जनगणनेत कॅलिफोर्नियाची लोकसंख्या सुमारे ३ कोटी ९५ लाख आणि वायोमिंगची सुमारे ५ लाख ७७ हजार होती, म्हणजे सुमारे ६८ पटींचा फरक; तरीही सिनेटमध्ये दोघांच्या जागा दोन-दोनच. हा अन्याय आहे असे म्हणणारे अनेक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र ही मोजणीतली चूक नव्हे. संघ स्थापन होताना घातलेली ती अट आहे, आणि तिच्यावर टीका करायची तर अट म्हणूनच केली पाहिजे. स्वित्झर्लंडने १८४८ साली जवळपास हाच आराखडा स्वीकारला. तेथील राज्यसभेत ४६ जागा आहेत. २० कँटनांना (तेथील घटकराज्यांना) प्रत्येकी दोन आणि ज्यांना पूर्वी अर्धे कँटन म्हणत त्या सहा कँटनांना प्रत्येकी एक.

प्रश्न : वरिष्ठ सभागृह राज्यांचे प्रतिनिधित्व करते असे पाठ्यपुस्तकात असते. राज्याचे प्रतिनिधी म्हणजे नेमके कोण? राज्याचे सरकार, राज्याची विधानसभा, की राज्यातील मतदार?

उत्तर : तिन्ही उत्तरे जगात कुठे ना कुठे बरोबर आहेत. अमेरिकेत सुरुवातीला सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने ते थेट मतदारांकडून निवडले जाऊ लागले. भारताच्या राज्यसभेचे बहुतेक सदस्य विधानसभांचे आमदार निवडून देतात, पण तेथे समान वाटप नाही. उत्तर प्रदेशाला ३१ जागा आहेत, सिक्कीमला एक. कॅनडाच्या १०५ सदस्यांच्या सिनेटमध्ये निवडणूकच होत नाही. सदस्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने गव्हर्नर जनरल करतात.

या सर्वांत निराळी आणि माझ्या मते सर्वांत प्रामाणिक रचना जर्मनीच्या बुंडेसराटची आहे. तेथे राज्यांची सरकारे स्वतःच बसतात. प्रत्येक राज्याला लोकसंख्येप्रमाणे तीन ते सहा मते असतात, एकूण मते ६९. ब्रेमेनसारख्या सुमारे सात लाखांच्या राज्याला तीन मते, तर सुमारे १ कोटी ८० लाख लोकसंख्येच्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाला सहा. म्हणजे संपूर्ण समानताही नाही आणि संपूर्ण प्रमाणही नाही. मुख्य नियम असा की, एका राज्याची सर्व मते एकगठ्ठा पडली पाहिजेत. मते राज्याची असतात, त्या खुर्चीवर बसलेल्या मंत्र्याची नसतात.

हा नियम किती गंभीरपणे घेतला जातो हे २२ मार्च २००२ रोजी दिसले. स्थलांतरविषयक कायद्यावर मतदान सुरू होते आणि बहुमताचा काटा ब्रांडेनबुर्ग राज्याच्या चार मतांवर येऊन थांबला होता. त्या राज्यात दोन प्रतिस्पर्धी पक्षांचे संयुक्त सरकार होते. पुकारा झाल्यावर एका मंत्र्याने होकार दिला आणि शेजारच्या, दुसऱ्या पक्षाच्या मंत्र्याने नकार दिला. अध्यक्षस्थानी बर्लिनचे महापौर क्लाउस वोवेराइट होते. मते एकसारखी नाहीत अशी नोंद करून त्यांनी राज्याचे मुख्यमंत्री मानफ्रेड श्टोल्पे यांना पुन्हा विचारले, त्यांनी होकार दिला आणि चारही मते होकाराची धरली गेली. सभागृहात गदारोळ झाला. प्रकरण संघीय घटना न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरला न्यायालयाने तो कायदाच रद्दबातल ठरवला, कारण राज्याने एकमुखाने मत दिलेले नव्हते. कायद्याच्या आशयाबद्दल कुणाचे काहीही मत असो, वरिष्ठ सभागृह राज्यांचे आहे या वाक्याला अर्थ द्यायचा तर तो असा काटेकोरपणेच द्यावा लागतो.

प्रश्न : कनिष्ठ सभागृहातील जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या, तर सर्व राज्यांतील प्रत्येक मताची किंमत सारखी व्हायला हवी. तशी ती होते का?

उत्तर : होत नाही, आणि त्यात नेहमी कुणाचा दोष असतोच असे नाही. जागा ही अखंड वस्तू आहे. साडेतीन जागा कुणालाही देता येत नाहीत. त्यामुळे भागाकार केल्यावर उरणाऱ्या अपूर्णांकांचे काय करायचे, हा प्रश्न उरतो.

अमेरिकेत प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांपैकी प्रत्येक राज्याला आधी एक जागा मिळते. उरलेल्या ३८५ जागांसाठी राज्यांची क्रमवारी लावली जाते. राज्याच्या लोकसंख्येला त्याच्या हाती असलेल्या जागांची संख्या आणि तिच्या पुढची संख्या यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागायचे, ज्याचा भागाकार सर्वांत मोठा त्याला पुढची जागा द्यायची आणि ४३५ वी जागा जाईपर्यंत हेच करत राहायचे. २०२० च्या जनगणनेनंतर ही शेवटची जागा मिनेसोटाला मिळाली. रांगेत त्याच्या लगेच मागे न्यूयॉर्क होते, आणि दोन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या त्या राज्याची जनगणनेत आणखी फक्त ८९ माणसे भरली असती, तर ती जागा त्याच्याकडे राहिली असती. एखाद्या मोठ्या इमारतीतील रहिवाशांनी जनगणनेचा अर्ज भरला की नाही, एवढ्यावर दहा वर्षांचे प्रतिनिधित्व ठरले. जनगणनेला मी कधीही नुसते सरकारी कामकाज समजत नाही, ते याच कारणाने.

त्याच वाटपातील दुसरी जोडी पाहा. मोंटानाची लोकसंख्या सुमारे १० लाख ८४ हजार होती, म्हणून त्याला दोन जागा मिळाल्या. डेलावेअरची सुमारे ९ लाख ९० हजार होती, त्याला एकच. मोंटानाचा एक सदस्य साधारण ५ लाख ४२ हजार लोकांसाठी बोलतो आणि डेलावेअरचा जवळपास दहा लाखांसाठी. कुणीही लबाडी केलेली नाही, गणितही बरोबर आहे, तरी हे घडते.

काही संघराज्यांत मात्र असमानता राज्यघटनेतच लिहिलेली असते. ऑस्ट्रेलियात प्रत्येक मूळ राज्याला किमान पाच जागांची हमी आहे, म्हणून टास्मानियाला लोकसंख्येने येणाऱ्या वाट्यापेक्षा जास्त जागा मिळतात. कॅनडात १९१५ पासून असा नियम आहे की, एखाद्या प्रांताचे खासदार त्याच्या सिनेटरांपेक्षा कमी असू नयेत. त्यामुळे प्रिन्स एडवर्ड आयलंड या, २०२१ च्या जनगणनेत सुमारे दीड लाख वस्ती असलेल्या प्रांताला चार खासदार आहेत. ब्राझीलच्या ५१३ जागांच्या प्रतिनिधिगृहात कोणत्याही राज्याला आठपेक्षा कमी आणि सत्तरपेक्षा जास्त जागा मिळत नाहीत. २०२२ च्या जनगणनेचे आकडे घेतले, तर साओ पाउलो राज्यात एका सदस्यामागे सहा लाखांहून अधिक लोक येतात आणि रोराइमा राज्यात सुमारे ८० हजार. किमान हमी मला समजू शकते. दूरच्या, विरळ वस्तीच्या भागाचा आवाज संसदेत असायलाच हवा. कमाल मर्यादेचे समर्थन करणे कठीण जाते, कारण ती सर्वांत मोठ्या राज्यातील प्रत्येक मतदाराला केवळ तो तिथे राहतो म्हणून कमी लेखते.

प्रश्न : राज्याला जागा मिळाल्या. आता राज्याच्या आत मतदारसंघांच्या सीमा कोण ठरवतो? सत्ताधारी पक्ष त्यात फेरफार करू शकतो का?

उत्तर : करू शकतो, आणि किती करू शकतो हे आकड्यांत मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. समजा एका राज्यात ५०० मतदार आहेत आणि प्रत्येकी १०० मतदारांचे पाच मतदारसंघ करायचे आहेत. पहिल्या पक्षाचे ३०० समर्थक आहेत, दुसऱ्याचे २००. सीमा अशा आखल्या की प्रत्येक मतदारसंघात ६० आणि ४० अशी विभागणी होईल, तर पाचही जागा पहिल्या पक्षाला जातात. आता हेच मतदार जागचे न हलवता दुसरा नकाशा काढा. पहिल्या पक्षाचे प्रत्येकी ८४ समर्थक दोन मतदारसंघांत कोंबा आणि उरलेले १३२ जण तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मतदारसंघांत ४४-४४ असे विखरून टाका. त्या तिन्ही ठिकाणी दुसऱ्या पक्षाचे ५६ समर्थक होतात आणि ज्याच्यामागे दोन पंचमांश लोक आहेत तो पक्ष पाचपैकी तीन जागा जिंकतो. एकाही माणसाने मत बदललेले नाही, एकही मत चोरलेले नाही, मतदारसंघांची संख्यात्मक समानताही शाबूत आहे. बदलली ती फक्त रेघ.

या प्रकाराला इंग्रजीत मिळालेले नाव १८१२ सालचे आहे. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाला अनुकूल अशा नकाशाच्या कायद्यावर सही केली. त्यातील एक मतदारसंघ असा वेडावाकडा होता की, बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने त्याला पंख आणि नख्या काढून सॅलमँडर या प्राण्यासारखे चित्र छापले. गव्हर्नरांचे आडनाव आणि प्राण्याचे नाव यांचा जोडशब्द झाला, जेरीमँडर, आणि तोच रूढ झाला.

काही वेळा नकाशा बदलून नव्हे, तर न बदलता अन्याय केला जातो. जॉर्जिया राज्यातील संघीय मतदारसंघांच्या सीमा १९३१ च्या कायद्याने ठरल्या होत्या आणि तशाच ठेवल्या गेल्या. मधल्या तीस वर्षांत लोक शहरांत आले. १९६० च्या जनगणनेत अटलांटाच्या पाचव्या मतदारसंघात ८,२३,६८० लोक होते आणि नवव्या मतदारसंघात २,७२,१५४. दोघांनाही एकच सदस्य. पाचव्या मतदारसंघातील मतदारांनी दाद मागितली आणि १९६४ साली, वेस्बेरी विरुद्ध सँडर्स या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संघीय निवडणुकीत एका माणसाचे मत दुसऱ्याच्या मताइतकेच मोलाचे असले पाहिजे. तेव्हापासून तेथे प्रत्येक जनगणनेनंतर राज्यांतर्गत मतदारसंघ जवळजवळ अचूक समान करावे लागतात.

परंतु वर दाखवलेले दोन्ही नकाशे या कसोटीला उतरतात, हे ध्यानात घ्या. समानतेचा निकष संख्येची लबाडी थांबवतो, आकाराची नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत संघीय मतदारसंघ राज्याचे विधिमंडळच आखते, म्हणजे ज्या पक्षाचे तेथे बहुमत त्याच्याच हाती पेन्सिल. पक्षीय हेतूने काढलेल्या नकाशांविरुद्ध संघीय न्यायालये निवाडा करू शकत नाहीत, असे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले. काही राज्यांनी स्वतंत्र आयोग नेमले आहेत, आणि मला तोच मार्ग योग्य वाटतो. ज्याला निवडून यायचे आहे त्याने आपले मतदार निवडू नयेत.

कॅनडाने हा मार्ग १९६४ सालीच धरला. तेथे दहाही प्रांतांसाठी स्वतंत्र त्रिसदस्यीय आयोग असतो. अध्यक्षपदी न्यायाधीश, ज्यांची निवड त्या प्रांताचे मुख्य न्यायाधीश करतात, आणि बाकीचे दोघे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या सभापतींनी नेमलेले. आयोग प्रस्ताव जाहीर करतो, जनसुनावण्या घेतो, खासदारांचे आक्षेपही ऐकतो, पण शेवटचा शब्द आयोगाचा. मतदारसंघाची लोकसंख्या प्रांताच्या सरासरीपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालते आणि असाधारण परिस्थितीत त्याहूनही अधिक. इतकी सैल मोकळीक का, हे तेथील भूगोल पाहिल्यावर कळते. उत्तरेकडील नुनावुत प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौरस किलोमीटर आहे, वस्ती सुमारे ४० हजार आहे, आणि एवढ्या भूभागाला एकच खासदार आहे.

ऑस्ट्रेलियाची पद्धत मला याहून अधिक विचारपूर्वक घडवलेली वाटते. मतदारसंघ आज समान केले, तरी निवडणूक येईपर्यंत नव्या वसाहती उठतात आणि समानता मोडते. म्हणून तेथे समिती आजच्या मतदारसंख्येबरोबरच साडेतीन वर्षांनंतरची अंदाजित मतदारसंख्याही पाहते. आजची संख्या सरासरीच्या १० टक्क्यांच्या आत असली की चालते, पण अंदाजित संख्या साडेतीन टक्क्यांच्या आत बसवावी लागते. वाढत्या उपनगराचा मतदारसंघ आज मुद्दाम थोडा लहान ठेवतात, म्हणजे वाढ झाल्यावर तो बरोबरीला येतो. समितीत निवडणूक आयुक्तांबरोबर त्या राज्याचे भूमापन प्रमुख आणि महालेखापरीक्षक बसतात. आधी कुणाही नागरिकाकडून सूचना मागवतात, मग त्या सूचनांवर इतरांची मते मागवतात, आणि अंतिम नकाशाला संसदेची मंजुरी लागत नाही. जर्मनीतही स्थायी आयोग आहे. तेथे १५ टक्क्यांहून अधिक फरक नसावा असा दंडक आहे आणि २५ टक्क्यांपलीकडे गेल्यास सीमा बदलाव्याच लागतात. पण हा आयोग फक्त शिफारस करतो, सीमा अखेर संसदच कायद्याने ठरवते.

प्रश्न : एक मतदारसंघ, एक सदस्य या पद्धतीला पर्याय नाही का? म्हणजे सीमेचा वादच संपेल.

उत्तर : पर्याय आहे, आणि वाद बराच कमीही होतो. स्वित्झर्लंडच्या २०० सदस्यांच्या राष्ट्रीय परिषदेत १९१९ पासून प्रमाणशीर पद्धत आहे आणि कँटन हाच मतदारसंघ आहे. कँटनच्या सीमा निवडणुकीसाठी कुणी हलवत नाही, त्यामुळे रेघ आखण्याचा प्रश्नच उरत नाही. उरीसारख्या छोट्या कँटनात एकच जागा असल्याने तेथे प्रमाणशीर पद्धतीला वाव राहत नाही, हा तिचा उणेपणा आहे.

जर्मनीने दोन्ही गोष्टी साधण्याचा प्रयत्न केला. मतदार दोन मते देतो, एक आपल्या मतदारसंघातील उमेदवाराला आणि दुसरे पक्षाच्या यादीला. मतदारसंघ २९९ आहेत, पण सभागृहातील पक्षांचे बळ दुसऱ्या मतावर ठरते. पूर्वी एखाद्या पक्षाने आपल्या वाट्यापेक्षा जास्त मतदारसंघ जिंकले की त्या जागा त्याच्याकडे राहत आणि समतोल राखण्यासाठी इतरांना भरपाईच्या जागा मिळत. त्यामुळे ५९८ जागांचे मूळ सभागृह २०२१ साली ७३६ सदस्यांपर्यंत फुगले. २०२३ च्या सुधारणेने सदस्यसंख्या ६३० वर बांधली आणि पक्षाच्या दुसऱ्या मतांचा आधार असेल तरच मतदारसंघातील विजेत्याला जागा मिळेल असे ठरवले. परिणामी २०२५ च्या निवडणुकीत २३ उमेदवार आपापल्या मतदारसंघात पहिले आले, पण सभागृहात पोहोचले नाहीत. प्रमाण नेमके राखले गेले, याचे समाधान आहे. तरी त्या २३ ठिकाणच्या मतदारांना ही गोष्ट समजावून सांगणे अवघड आहे, हेही मान्य केले पाहिजे.

प्रश्न : लोकसंख्या वाढते, पण अनेक देशांत सदस्यसंख्या वाढत नाही. असे का?

उत्तर : कारण जागांचे फेरवाटप म्हणजे कुणाची तरी जागा जाणे, आणि ज्यांची जाणार तेच मतदान करणार असतात. अमेरिकेत सभागृहाचा आजचा आकार १९११ च्या कायद्याने ठरला. १९२० च्या जनगणनेत शहरी लोकसंख्या ग्रामीण लोकसंख्येच्या पुढे गेल्याचे दिसले, आणि त्या दशकात संसदेने फेरवाटपच केले नाही. १९२९ च्या कायद्याने वाटप आपोआप होण्याची सोय झाली, पण आकडा ४३५ वरच राहिला. १९१० च्या जनगणनेनुसार एका सदस्यामागे सरासरी दोन लाखांच्या आसपास लोक होते. २०२० मध्ये ही सरासरी ७ लाख ६१ हजार झाली.

भारतात हे विचारपूर्वक गोठवले गेले. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या जागांचे राज्यनिहाय वाटप १९७१ च्या जनगणनेवर स्थिर केले, कारण लोकसंख्यावाढीला आळा घालणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होणे योग्य नाही, अशी भूमिका होती. चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. राज्यांतर्गत सीमा मात्र २००१ च्या जनगणनेनुसार बहुतेक राज्यांत नव्याने आखल्या गेल्या आणि २००८ पासून लागू झाल्या.

कुणाचीही जागा न घेता सभागृहच मोठे करणे, हा तिसरा मार्ग. कॅनडाने २०२५ च्या निवडणुकीला ३३८ च्या ठिकाणी ३४३ जागा ठेवल्या. ऑस्ट्रेलियात हे इतके सहज जमत नाही. तेथील राज्यघटनेनुसार प्रतिनिधिगृह शक्य तितके सिनेटच्या दुप्पट असावे लागते आणि सिनेटमध्ये सहाही मूळ राज्यांना समान जागा द्याव्या लागतात. त्यामुळे कनिष्ठ सभागृह वाढवायचे, तर टास्मानियासह प्रत्येक राज्याचे सिनेटरही वाढवावे लागतात. १९८४ साली तसेच केले गेले. प्रत्येक राज्याचे सिनेटर १० वरून १२ झाले आणि प्रतिनिधिगृह १२५ वरून १४८ वर गेले. ही सांगड तोडण्यासाठी १९६७ साली सार्वमत घेण्यात आले होते; मतदारांनी ते फेटाळले.